मांजर नंतर, आधी मॅट्रिक्स

महोदय,

बारावीची परीक्षा संपल्यापासून पदवीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन-चार महिने मोकळे मिळतात. क्वांटम भौतिकीची ओढ असलेली बरीच मुले ते श्रोडिंगरच्या मांजरीचे (एकाच वेळी जिवंत आणि मेलेली मानलेली, काल्पनिक प्रयोगातली मांजर) व्हिडिओ बघण्यात घालवतात आणि पहिल्याच समीकरणापाशी त्यांची गाडी अडते. संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स अकरावी-बारावीत होतातच. त्यात आयगेन-मूल्यांची (मॅट्रिक्स एखाद्या सदिशाची दिशा न बदलता त्याला ज्या पटीने ताणते, त्या संख्यांची) भर घातली की सुरुवातीपुरते भागते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत, पण वही-पेन्सिल घेतल्याशिवाय ती लावू नयेत.

मग थेट इलेक्ट्रॉनचे स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, घ्यावे. एक्स आणि झेड दिशांचे स्पिन दाखवणाऱ्या पाउलीच्या २×२ मॅट्रिक्सचा गुणाकार दोन्ही क्रमांनी करून पाहावा. उत्तरांची चिन्हे उलटी येतात. या दोन दिशांचे स्पिन एकाच वेळी नेमके का सांगता येत नाही, याचे मूळ तिथेच आहे. त्यासाठी अध्यात्मात शिरण्याची गरज नाही!

त्यानंतर १ नॅनोमीटर रुंदीच्या पेटीतला, भिंतींबाहेर जाऊच न शकणारा इलेक्ट्रॉन. पहिली ऊर्जापातळी साधारण ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवी, दुसरी तिच्या चौपट. उत्तर चाळीसेक पटींनी चुकले, तर प्लँकचा स्थिरांक 'एच' आणि 'एच-बार' (एच भागिले २π) यांची गल्लत झाली असे समजावे. दोहोंच्या वर्गांत ४π² चा फरक असतो. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटवतात; तो सोडवताना मुले थेट संभाव्यतांची बेरीज करतात आणि कागदावरचे पट्टे गायब होतात. तिथे आधी तरंगफलांची बेरीज, मगच परिमाणाचा वर्ग; संभाव्यता त्या वर्गातून मिळते.

— एक वाचक, सातारा