थेंबही मोजून पाहा

गरोदर स्त्रियांच्या सिफिलिस चाचण्या वाढवाव्यात, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना रास्तच, पण चाचणी बिनचूक होते का, याचा त्यात उल्लेखही नाही. सिफिलिससाठीची आरपीआर ही रक्तचाचणी दिसायला सोपी आहे. कार्डावरच्या वर्तुळात ५० मायक्रोलिटर सीरम (रक्तातला पातळ द्रव) पसरायचे, अँटिजेनचा (रक्तातल्या प्रतिपिंडांशी जुळून गुठळ्या करणाऱ्या द्रावणाचा) एक थेंब टाकायचा, मिनिटाला १०० फेऱ्यांनी ८ मिनिटे फिरवून गुठळ्या दिसतात का, हे लगेच पाहायचे; दिसल्या तर निकाल ‘पॉझिटिव्ह’. खोलीचे तापमान मात्र २३ ते २९ अंश सेल्सिअस हवे. मे महिन्यात पंख्याखाली उघडे ठेवलेले कार्ड सुकते आणि निकाल फसतो. अँटिजेन टाकायची सुई खराब असली की थेंब लहानमोठा पडतो. मिलिलिटरला ६० थेंब भरतात का, हे मोजायला कितीसा वेळ लागतो? प्रतिपिंडे फारच जास्त असली तर गुठळ्या दिसत नाहीत आणि खरा संसर्ग ‘निगेटिव्ह’ ठरू शकतो; संशय असल्यास सीरम पातळ करून पुन्हा तपासावे लागते.

बाह्य गुणवत्ता तपासणीचे, म्हणजे प्रयोगशाळेचे काम पारखण्यासाठी बाहेरून पाठवलेले नमुने आले, की ते हमखास सर्वांत अनुभवी तंत्रज्ञाच्या हाती दिले जातात. मग प्रयोगशाळा उत्तीर्ण होणारच! हे नमुने रोजच्या नमुन्यांबरोबर, त्या दिवशी कामावर असलेल्यानेच तपासावेत आणि चुकलेल्या निकालाचे कारण लेखी द्यावे, अशी सक्ती करावी.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे