आवाहन : अपघातग्रस्त कामगारांच्या फायली पैशाअभावी अडल्या आहेत

भोसरी, तळवडे, कुदळवाडी, चाकण भागातील कामगार बंधू-भगिनी, लघुउद्योजक आणि समितीचे सर्व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर) कुणाचं बोट गेलं की पहिला फोन कुणाला जातो, हे या पट्ट्यात नव्याने सांगायला नको. अपघातग्रस्तांना भरपाई मिळवून देणाऱ्या आपल्या समितीची माणसं दवाखान्यात धावतात ती औषधपाण्यासाठी, आणि तितकीच केस पेपरसाठी. कारण आपण पोचेपर्यंत बऱ्याचदा त्यावर ‘गाडीवरून पडला’ असं लिहून झालेलं असतं, आणि ते एक वाक्य पुढे न्यायालयात वर्षानुवर्षं नडतं. हजेरीचा फोटो, गेटपास, ‘आज ओव्हरटाइमला थांब’ हा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, सगळं तेव्हाच गोळा करावं लागतं. चार दिवसांनी ठेकेदार म्हणतो, हा माझ्याकडे कामालाच नव्हता.

इथवर आपण आलो ते काही माणसांच्या जिवावर. टूलरूममधून निवृत्त झालेले आपले फोरमनकाका नसते, तर ‘पोरानेच डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) हात घातला’ हे समोरच्या वकिलाचं पालुपद कुणी खोडलं असतं? काका साक्षीला उभे राहिले. क्लचची चावी झिजली की पेडल एकदा दाबलं तरी रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) दोनदा कसा खाली येतो, हे त्यांनी पेन आणि काडेपेटी घेऊन दाखवलं. मानधन विचारलं तर रागावले. वकीलताई आजवर फक्त झेरॉक्स आणि टायपिंगचा खर्च घेत आल्या. ओडिशातल्या जेपूरच्या त्या सुताराचा निकाल त्यांना तोंडपाठ आहे. डावा हात कोपराच्या वर कापला गेला, मालकाची बाजू म्हणे, हाताचे ठरलेले टक्केच मोजा. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितलं की सुतारकामच होणार नसेल तर नुकसान शंभर टक्के. आळंदी रस्त्यावरच्या टपरीवर आपला मदतीचा डबा आजही आहे आणि त्यात सुट्टे का होईना, दर महिन्याला पैसे पडतात. मोशीच्या भजनी मंडळाच्या भगिनींनी सप्ताहातून वाचलेली रक्कम आणून दिली. आणि एक लघुउद्योजक, नाव छापू नका म्हणाले म्हणून छापत नाही, त्यांनी आधी स्वतःच्या सगळ्या प्रेसना दोन हातांची बटणं (दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस चालत नाही) बसवून घेतली आणि मगच आपल्याला चेक दिला. अशा मालकाला आमचा दंडवत.

या मदतीतून काय होतं? 24 वर्षांचा, नांदेडकडचा एक मुलगा. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ईएसआयसीचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड नाही. कंपनीने चाळीस हजार हातावर टेकवून कोऱ्या कागदावर सही मागितली होती. अपघात 2024 मधला, नव्या संहितांच्या आधीचा, म्हणजे 1923 चाच भरपाई कायदा. महिना 15,000 पगाराचे 60 टक्के 9,000, गुणिले वयाचा गुणांक 218.47, त्याचे दोन बोटांचे 20 टक्के : 3,93,246 रुपये. वर महिनाभरात न दिल्याबद्दल 12 टक्के व्याज आणि दंड वेगळा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही. कायदा एवढा स्पष्ट आहे. पण अपंगत्वाचा दाखला, डॉक्टरांची साक्ष आणि गावाहून येणाऱ्या साक्षीदाराचं भाडं कायदा देत नाही. तारीख पडली की एस.टी.चे पैसे गेले आणि दिवसाची मजुरीही बुडाली.

थोडं मनातलं. गेल्या दसऱ्याला हेच आवाहन केलं होतं. हात जोडलेल्या इमोजी ढीगभर आल्या, पावत्या मोजक्याच फाटल्या. खंडेनवमीला शेडोशेडी फिरलो तर प्रेसला झेंडूचे भरगच्च हार आणि शेजारी, हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या सेन्सरची वायर काढून लोंबत ठेवलेली, का, तर प्रॉडक्शन कमी पडतं. डिसेंबर 2023 मध्ये तळवड्यात केकवरच्या फुलझड्यांच्या बेकायदा शेडमध्ये बायका जळून मेल्या, तेव्हा चार दिवस सगळे हळहळले. ‘समितीने काहीतरी करायला हवं’ असं बजावणाऱ्यांपैकी किती जण नंतर ऑफिसची पायरी चढले, हे आम्ही जाणतो. असो. ज्यांनी दिलं त्यांना हे लागू नाही.

आता घाई का, ते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामावर येता-जाता झालेला अपघातही ठराविक अटींवर भरपाईत धरला आहे, सुरक्षेच्या गुन्ह्यातल्या दंडाचा निम्मा तरी भाग जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. चांगलंच आहे. पण विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये 20 पेक्षा कमी माणसं असली तर तो कारखानाच धरत नाहीत, आणि आपल्याकडचे बहुतेक जखमी अशाच शेडमधले. जुन्या फायलींना तर अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती उलटली की उशीर माफ करा म्हणून हात जोडावे लागतात. अशा अकरा फायली कपाटात पडून आहेत.

गरज सध्या 1,80,000 रुपयांची (दाखले व डॉक्टर फी, साक्षीदार प्रवास, खोलीचं थकलेलं भाडं मिळून). रोख वा चेक ऑफिसात, रोज सायं. 6 ते 9, रविवारी सकाळीही. क्यूआर दारावर लावला आहे, पैसे पाठवल्यावर नाव कळवा म्हणजे पावती करता येते. 80जी ची (देणगीवरच्या आयकराची) सवलत नाही, कृपया विचारू नये. हप्त्याने दिले तरी चालेल. हिंदी व ओडिया बोलणारे स्वयंसेवक हवेत, दवाखान्यात फार अडतं. हिशेब फलकावर.

आपला,
सचिव

ता.क. कुणाकडे कुलूप लागणारं जुनं लोखंडी कपाट असेल तर कळवावे. टेम्पो आमचा.