सेबाच्या टॅक्सीवाल्या दादांना

दादा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं इंग्रजी तुम्ही चार दिवस मुकाट्याने सोसलंत. हे पत्र भाची तुम्हाला वाचून दाखवेल. तिचं मराठी अर्धंमुर्धं आहे, एखादं वाक्य तिने गाळलं तर तिला रागावू नका. पत्र उघडं लिहितेय, कारण तुमच्या या कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटावरच्या मेडिकल कॉलेजात आपल्याकडच्या घरांतली पोरंही शिकतात. त्यांच्यामागून एखादी मावशी-आत्या तिकडे जाईलच, आणि तिलाही माझ्यासारखाच ‘पोहता येत नाही, मग इथे करणार काय?’ हा प्रश्न ऐकावा लागेल.

नकाशात मी ‘साबा’ वाचलं होतं. तुम्ही विमानतळावरच सुधारलंत, ‘सेबा’. तेव्हा मी काही सुधारण्याच्या स्थितीत नव्हते. शेजारच्या सेंट मार्टेन बेटावरून पंधरा मिनिटांचं उड्डाण, त्यात धावपट्टी अवघी 400 मीटर, आणि दोन्ही टोकांना सरळ कडा. माझी रामरक्षा अर्ध्यात असतानाच विमान थांबलंसुद्धा.

मुक्कामाच्या जागी सगळे डायव्हिंगवाले. मला पोहताही येत नाही म्हटल्यावर नाश्त्याच्या टेबलावर एकाने अगदी कळवळून विचारलं, “मग इथे तुम्ही करणार काय?” भाचीची परीक्षा तोंडावर, म्हणजे तिची सोबत नाही. वाळूचा किनारा म्हणावा तर वेल्स बेवरची वाळू दरवर्षी येते आणि दरवर्षी समुद्र ती घेऊन जातो. मी गेले तेव्हा नुसते धोंडे होते. मी पायरीवर बसून परतीच्या तिकिटाचा विचार करत होते. तुम्ही दुसऱ्या कुणाला सोडायला आला होतात. माझ्याकडे बघून म्हणालात, “समुद्र राहू दे. चढता येतं ना?”

साताऱ्याच्या बाईला हे विचारताय होय!

पण आधी तुम्ही चढवलं नाहीत, रस्ता दाखवलात. रस्ता काय दाखवायचा, असं मनात आलं होतं. एका वळणावर गाडी बंद केलीत, उतरलात आणि दगडी कठड्यावर तळवा ठेवलात. या डोंगरावर रस्ता होणं शक्य नाही, असं डच इंजिनिअर सांगून गेले होते. मग तुमच्याच बेटावरच्या जोसेफस लॅम्बर्ट हॅसल यांनी पोस्टाने इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम केला, आणि 1938 मध्ये गावकऱ्यांनी काम सुरू केलं. यंत्र नाही, कुदळी, फावडी, ढकलगाड्या. बंदरापासून ‘द बॉटम’ या मुख्य गावापर्यंतचा पहिला तुकडा 1943 मध्ये झाला, बेटावर पहिली मोटार आली 1947 मध्ये. तुमच्या आजोबांनी कुठल्या वळणाचे दगड वाहिले तेही तुम्हाला ठाऊक. घाट आम्हीही जन्मभर पाहिलेत, पण कुठल्या वळणाचा दगड कुणाच्या आजोबांनी वाहिला हे सांगणारा ड्रायव्हर मला आजवर भेटला नव्हता.

त्याआधी माल यायचा तो ‘लॅडर बे’ या किनाऱ्यावर, कड्यात खोदलेल्या आठशे पायऱ्यांवरून, डोक्यावर. पियानोसुद्धा असाच वर आला म्हणतात. मी चाळीसेक पायऱ्या उतरले, खाली डोकावले आणि परत फिरले. तुम्ही हसला नाहीत, याचे आभार वेगळे.

माउंट सीनरीच्या 1064 पायऱ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. नऊशे मीटरही नसलेला डोंगर, आणि अख्ख्या नेदरलँड्सच्या राज्यात याहून उंच जागा नाही, हे सांगताना तुमची मान जरा ताठ झाली होती. निम्म्या वाटेवर माझ्या बुटाचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. तुम्ही खिशातून मासेमारीची नायलॉनची दोरी काढलीत, ओल्या पायरीवर मांडी घालून बसलात, तीन वेढे देऊन गाठ मारलीत आणि दाताने दोरी तोडलीत. ते होईपर्यंत मला बघायला वेळ मिळाला. झाडांच्या खोडांवर शेवाळाची गोधडी, झाडाएवढे नेचे, सुपाएवढी अळूसारखी पानं. एका पानावर ठिपक्याठिपक्यांचा सरडा गळ्याची पिशवी फुगवून आमच्याकडे बघत होता. हा फक्त याच बेटावर सापडतो, असं तुम्ही सांगितलंत. वर पोचलो तर ढगाने डोंगर गिळलेला, चार हातांपलीकडे काही दिसेना. तुम्हाला वाईट वाटलं. मला श्रावणातलं महाबळेश्वर भेटलं होतं. आम्ही तिकडे याचेच पैसे देतो.

गुरुवारी दुपारी तुम्ही मला विंडवर्डसाइड गावात लेस विणणाऱ्या बायकांकडे सोडलंत. क्रोशा येतो म्हणून मी ऐटीत बसले. पण ते विणकाम नव्हेच. ताग्यातले उभे-आडवे धागे मोजून काढायचे आणि उरलेल्यांवर सुईने जाळी भरायची. एका आजींनी माझी ओळ पाहिली, काही न बोलता उसवली आणि सुई परत हातात दिली. असं तीनदा झालं. मेरी गर्ट्रूड हॅसल ही कला काराकासच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आली, ती 1870 च्या दशकात. पुरुष जहाजांवर, म्हणून बायकांनी अमेरिकेतल्या दुकानांचे पत्ते मिळवून पोस्टाने लेस विकली. रस्ता पोस्टाने, संसारही पोस्टाने! एवढ्या एकट्या बेटावर पोस्टमनला केवढा मान असेल.

बाकी थोडक्यात. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, आणि घरोघरी पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी, कारण बेटाला नदी नाही. एका अंगणात चुना लावलेली कबर होती आणि शेजारी दोरीवर धुतलेली चादर. कुणाची, असं विचारल्यावर “माझ्या आईची, या, बसा” म्हणालात, तेव्हा कळलं की तुम्ही मला स्वतःच्या घरी आणलंय. तिथे खाल्लेल्या बोकडाच्या रश्श्याला मी नावं ठेवणार नाही, पण तिखट कमी होतं.

शेवटच्या दिवशी थांबलेल्या तासांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी सीटवर ठेवलेली नोट तुम्ही भाचीकडे परत पाठवलीत, तेही समजलं. म्हणून आता नोट नाही, डबा पाठवतेय. त्यात कांदा-लसूण मसाला आहे, घरचा. किलोभर मटणाला दोन चमचे, कांदा तेलात लाल झाल्यावर घाला, आणि खिडकी उघडी ठेवा.

तुमची,
बुटाला दोरी बांधलेली मावशी