बाबांचा शर्ट बाबांनाच घालू दे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. टीव्ही बंद करून, आणि एका बैठकीला थोडंच. कळलं नसेल तर तेच वाक्य पुन्हा वाच, पण आवाज चढवू नकोस. त्यांना ऐकू नीट येतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ऐकलेलं लावून घ्यायला वेळ लागतो, एवढंच.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तू बाबांना भरवलंस, तोंड पुसलंस, शर्टाची बटणं लावलीस, केस विंचरलेस. शेजारून आत्या म्हणाली, "बघ, किती सेवा करते." आत्याचं खरं आहे. पण माझं भांडण नेमकं त्या सेवेशीच आहे.

मी इंग्लंडात डेव्हनमध्ये ज्या कम्युनिटी हॉस्पिटलात काम करते ते अगदी छोटं आहे. झटका आलेला माणूस आधी मोठ्या रुग्णालयात जातो. स्कॅन, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, सगळं तिथं होतं. जिवावरचं निभावलं की त्याला घराजवळ म्हणून आमच्याकडं पाठवतात. आमच्याकडं मोठी यंत्रं नाहीत. धरून चालायला दोन दांड्या, चार पायऱ्यांचा लाकडी जिना आणि एक स्वयंपाकघर. पेशंट आपला चहा तिथं आपणच करतो आणि नर्स हात मागं बांधून उभी राहते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्वेटरचं एक बटण लावायला इतका वेळ लागायचा, की त्याची बायको बघवत नाही म्हणून बाहेर जाऊन बसायची. पण ते बटण हाच त्याचा व्यायाम होता. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. उरलेला भाग त्याचं काम थोडंफार उचलतो, आणि तेही पुन्हा पुन्हा करूनच. तू भरवतेस तेव्हा सराव तुझ्या हाताला होतो, बाबांच्या नाही.

इथं पूर्वी प्रत्येक प्रकारची थेरपी दिवसाला किमान 45 मिनिटं द्या, असं सांगायचे. 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती सगळी मिळून दिवसाला किमान 3 तास, आठवड्यातले किमान 5 दिवस केली. आमच्या वॉर्डात रोज तेवढं होत नाही, माणसं कमी पडतात. तरी आकडा लक्षात ठेव, कारण बाबा सध्या हात वरखाली करतात तो सकाळी दहा मिनिटं, आणि मग दिवसभर पलंग.

दादा म्हणतो, "डॉक्टरांनी घरी सोडलं, गोळ्या चालू आहेत, व्यायाम तू फोनवर शिकव, आई करून घेईल." नाही. हे भारतात करून पाहिलंय. 14 रुग्णालयांत, 1250 पेशंटांवर. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार दिले. 2017 मध्ये निकाल आला: दोन्हीकडं फरक नाही. म्हणजे घरच्यांचा उपयोग नाही असं नव्हे. फिजिओथेरपिस्टचं काम एकट्या आईच्या गळ्यात घालून भागत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. मलकापूरला कृष्णा हॉस्पिटल आहे, तिथं फिजिओथेरपीचं कॉलेजच आहे. कराडातून रिक्षानं जाता येतं. दादानं कामाचं कारण सांगितलं तर त्याला मला फोन करायला लाव.

घरात मात्र काही गोष्टी आजपासून बदल. बाबांना उठवताना उजव्या बखोटीला धरून ओढू नकोस. त्या खांद्याचे स्नायू ढिले आहेत, हाड खोबणीतून खाली सरकतं आणि मग महिनोन्महिने दुखतं. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू दे, टाचा गुडघ्यांच्या मागं घेऊ दे, पुढं वाकू दे आणि मग उठू दे. तू बाजूला राहा, कमरेला आधार दे. शर्ट घालताना उजवा हात आधी, काढताना उजवा शेवटी. बटणं त्यांची त्यांनी. डाव्या हातानं जेवायची त्यांना लाज वाटते हे मला माहितीय. तर उजव्या हातानं ताट धरू दे, चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळ म्हणजे पकड बसेल. सांडलं तर सांडू दे, पुसायची घाई करू नकोस.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. चहा पिताना ते खोकतात. पातळ पदार्थ गिळायला सगळ्यांत अवघड असतात, आणि घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. पलंगावर आडवं असताना पाणीसुद्धा देऊ नकोस. ताठ बसवून, लहान घोट, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवायचं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, मलकापूरला गेलात की तेही विचारा.

बोलण्याचं सांगते. त्यांना "पाणी" म्हणता येत नाही, पण तू "सुपने" हा एसटीचा थांबा म्हटलंस की "मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर" धाडधाड येतं, म्हणून आत्याला वाटतं ते मुद्दाम करतात. मुळीच नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून जे ओठांवर बसलंय ते वेगळ्या वाटेनं येतं, नवा शब्द जुळवायची वाट वेगळी. हरिपाठ म्हणतात तोही तसाच. म्हणू दे, सोबत तूही म्हण. पण त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. आणि ते एकदम रडायला लागतात त्याची डॉक्टरांना कल्पना दे. झटक्यानंतर पुष्कळांना नैराश्य येतं, त्याला औषध आहे. पारव्याच्या रक्तानं लकवा बरा होतो, हे आत्याचं औषध मात्र घरात यायचं नाही.

तंबाखूची डबी कपाटात नाही, घराबाहेर. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद नाही. पापड, लोणचं सणावारीच.

पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर दहा मिनिटांत बरं झालं तरी 108 ला फोन करायचा. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवायची, कारण इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. गेल्या वेळी तू वेळ सांगू शकलीस म्हणून ते मिळालं.

बाबा, आता तुमच्यासाठी. न्हाणीघरात दांडी बसवायची आहे, ती तुमच्या डाव्या हाताला. उंची दादा अंदाजानं ठरवेल, त्याला ठरवू देऊ नका. स्वतः उभे राहून, हात टेकवून दाखवा आणि तिथंच खूण करायला लावा. पैसे पाठवलेत.

तुमची,
माधुरी