मावशीच्या रिपोर्टबद्दल

आई,
काल फोनवर तू इतकी घाबरली होतीस की नीट सांगताच आलं नाही, म्हणून बॉस्टनहून हे सविस्तर लिहितेय, बाबांनाही वाचून दाखव.

मावशीच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये पीआयके३सीए जीन बिघडलाय म्हणजे तो आता तुझ्यात, माझ्यात पण असणार का, हेच तुझ्या डोक्यात फिरतंय ना? तर नाही गं. हा बिघाड जवळपास नेहमीच गाठीतल्या पेशींमध्ये नंतर झालेला असतो, आजीकडून वगैरे आलेला नसतो. घराण्यात चालत येतो तो बीआरसीएसारख्या, ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जीनमधला बिघाड, त्याची टेस्ट वेगळी असते, ती केलीये का हे मात्र डॉक्टरांना नक्की विचारा.

चांगला पीआयके३सीए तर आपल्या सगळ्यांकडे असतो, तिसऱ्या क्रोमोसोमवर. त्याच्यापासून जे एन्झाइम बनतं ते पेशीच्या पडद्यातल्या एका फॅटला फॉस्फेट चिकटवतं, ते चिकटलं की एकेटी नावाचं प्रोटीन तिथे गोळा होतं आणि पेशीला वाढायचा निरोप जातो. काम झालं की पीटेन नावाचं दुसरं एन्झाइम ते फॉस्फेट काढून टाकतं. रिपोर्टात एच१०४७आर लिहिलंय ना, म्हणजे त्या एन्झाइमच्या साखळीतलं १०४७ नंबरचं एकच अमिनो ॲसिड बदललंय, पण तेवढ्याने दारावरची बेल अडकून वाजतच राहावी तसं होतं. हे एन्झाइम १९८० च्या दशकात लुईस कँटली या शास्त्रज्ञाच्या टीमने इथे बॉस्टनमध्येच शोधलं आणि कॅन्सरशी त्याचा संबंध २००४ मध्ये स्पष्ट झाला, म्हणजे तसं फार जुनं नाही.

आता कामाचं. डॉक्टर अल्पेलिसिब म्हणतायत ते याच बिघाडासाठीचं औषध, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, फुलवेस्ट्रंट या हार्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनबरोबर देतात. पण इन्सुलिनचा निरोपही पेशीत याच एन्झाइमवाटे जातो, म्हणून ते दाबलं की शुगर चढते, आणि मावशी आधीच बॉर्डरलाइन! त्यामुळे गोळी सुरू करायच्या आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) आणि नंतर शुगर वरचेवर बघायलाच हवी, गोळीही जेवणाबरोबरच घ्यायची. व्हॉट्सॅपवर कुणी भात-पोळी बंद करा म्हणेल, किटो डाएटचा या औषधांना फायदा होतो वगैरे, तो प्रयोग उंदरांवरचा आहे, डॉक्टरांना न विचारता तिला उपाशी ठेवू नका प्लीज, मावशी आधीच किती वाळलीये.

ती सध्या कुठल्या गोळ्या घेते त्या पाकिटांचे फोटो काकांना पाठवायला सांग, मी इथून प्रश्न लिहून देते, पुढच्या व्हिजिटला ते घेऊन जा.

तुझी,
मनू