बाबांच्या हृदयाच्या झडपेचं चित्र काढून दाखवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण ‘न कापता होतं का बघा’ एवढं एकच मागणं घेऊन गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात येणारे आमच्या सत्तरी तालुक्यात आणखीही असतील.

आम्हीही तेच घेऊन आलो होतो. कुळागराची, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेची, चढण चढताना बाबांना धाप लागायची, मग एकदा पाटाजवळ चक्कर येऊन पडले. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयातून शरीरभर रक्त सोडणारी महाधमनीची झडप आकसलेली निघाली. तिचं तोंड 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडायला हवं, ते जेमतेम 0.7 उघडत होतं. शेजारच्या वहिनींची झडप फुग्याने मोकळी केली होती, तसंच बाबांचं करा, असा आमचा धोशा.

तुम्ही रिपोर्ट उलटा केलात आणि निळ्या पेनाने मागे दोन गोल काढलेत. पहिल्यात दोन पाकळ्या: वहिनींची मायट्रल झडप, हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, फुगा फुगवला की त्या चिकटलेल्या जागी सुटतात. दुसऱ्यात तीन पाकळ्या, म्हणजे बाबांची झडप, आणि त्यांच्यावर तुम्ही ठिपके देत गेलात, पाकळी दिसेनाशी होईपर्यंत. तो कॅल्शियम. इथे कडा चिकटलेल्या नाहीत, पाकळीच कडक झालीय. फुग्याने थोडी उघडते आणि काही महिन्यांत पुन्हा आवळते. औषधाने तर हा कॅल्शियम विरघळतच नाही. म्हणजे झडप बदलायलाच हवी, हे त्या ठिपक्यांनी आम्हाला पटलं. नुसतं सांगून पटलं नसतं.

मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवायची ‘टावी’ही तुम्ही लपवली नाहीत. 2002 मध्ये फ्रान्सच्या डॉ. आलँ क्रिबिए यांनी ती पहिल्यांदा माणसात बसवली, छाती उघडावी लागत नाही, उतारवयातल्या किंवा ऑपरेशन न झेपणाऱ्या पेशंटना तिचा मोठा आधार आहे, काहींना नंतर पेसमेकर लागतो, सगळं सांगितलंत. पण बाबांच्या अँजिओग्राफीत दोन ब्लॉकेजही होते. एकाच ऑपरेशनात बायपास आणि झडप दोन्ही उरकणं त्यांच्यासाठी बरं, हे तुमचं म्हणणं आम्हाला तिथल्या तिथे मान्य झालं.

मग तुम्ही आम्हा मुलांना सोडून थेट बाबांकडे वळलात. ‘‘काका, दिवसभर काय करता?’’ बाबा म्हणाले, सुपाऱ्या, केळी, हातात कोयता. धातूची झडप जास्त टिकते, पण तिच्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, रक्त किती पातळ झालंय ते बघणारी आयएनआरची तपासणी सारखी, आणि कोयता लागला तर रक्त लवकर थांबायचं नाही. तांबडी भाजीने गोळीचा परिणाम बदलतो, म्हणून तीसुद्धा एक दिवस भरपूर, एक दिवस अजिबात नाही, असं चालत नाही. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली जैविक झडप दहा-पंधरा वर्षांनी झिजू शकते, पण ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही. अडुसष्टाव्या वर्षी काय निवडायचं ते बाबांनी स्वतः ठरवलं. आमच्या घरात बाबांना इतक्या सरळपणे त्यांच्याच जिवाबद्दल विचारणारं त्या दिवसांत दुसरं कोणी नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. या एका गोष्टीसाठी तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयूतल्या सिस्टर, सगळ्यांचेच आभार.

आणखी एक सांगायचं राहिलं. डिस्चार्जच्या गडबडीत तुम्ही बजावलं होतंत की दातांचं काही काम निघालं तर झडप बदललीय हे आधी सांगा, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. परवा वाळपईत बाबांची दाढ काढायची होती. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी तुमचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं, मगच दाढ काढली. बाबांनी तुम्हाला हे आवर्जून कळवायला सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
सत्तरी तालुक्यातल्या त्या काकांचा थोरला मुलगा