गुणतक्ताही छापावा

राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेची बातमी विजेत्याच्या नावापाशी आणि करंडकासह काढलेल्या छायाचित्रापाशी संपते, ही माझी जुनी तक्रार आहे. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्याच स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. पुढे प्रवीण ठिपसे यांनी ही स्पर्धा सात वेळा जिंकली. आणि महिलांच्या स्पर्धेत १९७४ पासून सलग दहा वर्षे वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी विजेतेपद घराबाहेर जाऊच दिले नाही. (त्यातली पाच एकट्या रोहिणींची.)

विजेत्यांची ही नोंद राहते. बाकीच्यांचे काय झाले, हे मात्र कळत नाही. स्पर्धेत जोड्या लावण्याच्या स्विस पद्धतीत प्रत्येक फेरीत साधारण समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, त्यामुळे सुरुवातीला हरून मागून गुण मिळवणारा आणि सुरुवातीपासून वरच्या पटांवर, म्हणजे आघाडीच्या खेळाडूंशी, झुंजणारा, हे दोघे समान गुणांवर थांबले तरी त्यांची कामगिरी सारखी नसते. म्हणूनच बरोबरी सोडवताना बुखोल्झ पद्धतीत प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज पाहतात. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतील बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ आहे, वृत्तपत्रांना का नसावे?

किमान पहिल्या वीस खेळाडूंचे गुण आणि एखादा डाव चालींसह छापावा, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे